जिवंत माणसांचे खांब

माझे घरमालक माणसाच्या तोंडाकडे बघत नसत.

कुणी दारात आलं की त्यांची नजर आधी पायांवर जायची. वहाण कुठल्या बाजूनं झिजली आहे ते पाहून घ्यायचे. मग गुडघे, मग हात, हातातली काठी नाहीतर छत्री, खांद्यावरचं उपरणं, शेवटी पागोट्याचा पेच. तोंडाची पाळी येईपर्यंत त्यांचं काम संपलेलं असायचं. मान वळवून ते विचारत, "घोड्यावर बसता का?" खोली बघायला आलेला बिचारा बुचकळ्यात पडायचा. भाड्याच्या खोलीचा आणि घोड्याचा काय संबंध!

मलाही विचारलं होतं. मी दर्यापूरकडचा, पण पुण्यात शिळाछापाचं काम शिकून नुकताच अमरावतीत आलो होतो आणि परकोटाबाहेर त्यांच्या घराची माडी भाड्यानं घेत होतो.

"घोडा कुठला, काकाजी," मी म्हणालो. "पायीच हिंडतो."

"आन हातात काय असते?"

"कागद."

"हमेशा?"

"हमेशा."

ते एकदम खूश झाले. का झाले, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि कळलं ती जागा चांगली नव्हती.

सगळे त्यांना काकाजीच म्हणत. जातीनं माळी, अंजनगावाकडं वाडवडिलांचा पानमळा, अमरावतीत दोन घरं. गरीब बिचारे वगैरे अजिबात नव्हते. तोंडाचे फटकळ, भाडेकरूंशी विहिरीच्या पाण्यावरून भांडणारे, पंगतीत शेजाऱ्याच्या ताटातला चांगला घास बिनदिक्कत मागून घेणारे. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "ओ छापेवाले! पुन्याची बोली बोलून राहिले का वर एकटेच? खाली या, आमची आयका जराशी."

ते खांबाला टेकून कधी बसले नाहीत. ओसरीवर चार माणसं खांबांना पाठी लावून पान चघळत असायची आणि हे मधोमध, ताठ, वेताच्या काठीसारखे. "खांबाले पाठ टेकू नये," म्हणायचे. "तो कोनाचा असते, आपल्याले मालूम नसते." दुसरी खोड अशी की कुणाच्याही घरी गेले की तुळया, चौकटी बोटाच्या पेरानं ठोकायच्या आणि कान लावायचा. त्या वर्षांत अमरावतीत ठोकायला लाकूड भरपूर होतं. अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव आला की भल्याभल्यांची डोकी फिरली. रस्त्यावर रुई, झाडांवर रुई, वरणात रुई. जो तो गोदाम बांधत होता, गाड्या करवून घेत होता. मुंबईकडून आगगाडीचा रस्ता वऱ्हाडात सरकत येत होता आणि त्याच्या रुळांखाली घालायला साग हवा होता. हा सगळा साग उत्तरेच्या डोंगरातून उतरत होता. भावाचं कौतुक करणारे पायलीला पन्नास भेटत. डोंगर बोडके होत आहेत असं म्हणणारा मला काकाजींशिवाय एकही भेटला नाही, आणि तेही सरळ म्हणत नसत.

एका शेटजींच्या नव्या गोदामाच्या वास्तुशांतीला ते बोलावणं नसताना गेले, एकेक खांब ठोकला, आणि भर पंगतीत विचारलं, "शेटजी, हा कोन्या खोऱ्यातला?"

"बाजारातला," शेटजी म्हणाले.

"बाजारात झाड उगवत नाही, बाप्पा."

पंगत हसली. काकाजी हसले नाहीत. ते शेटजींच्या छत्रीकडे बघत होते. त्या शेटजींनी पुढं लाकडाच्या धंद्यात हात घातला, एका खोऱ्यात एकदाच जाऊन आले, आणि धंदा सोडून दिला.

दरवर्षी पाऊस सरला की काकाजी नाहीसे होत. पानवेलींना आधाराच्या काठ्या आणायला डोंगरात जातो, असं सांगत. परत येत तेव्हा नखांत लाकडाचा भुसा असायचा आणि काठी एकही नसायची. मग पान लावता लावता सहज म्हणायचे, "तो छत्रीवाला शेट आता तिकडं जानार नाही." किंवा, "तो साखळी घेऊन जमीन मोजनारा लंगडा, त्याचं झालं." खरोखर ती माणसं पुन्हा त्या बाजूला जात नसत. मेलंबिलं कोणी नव्हतं. आपापल्या दुकानात, कचेरीत धडधाकट बसलेली दिसत. फक्त 'तिकडं' म्हटलं की पाणी प्यायला उठत.

तिकडं म्हणजे सातपुड्यातलं एक खोरं. त्याचं नाव मी लिहिणार नाही.

बाजारात त्या खोऱ्याबद्दल बोललं जायचं ते असं: तिथं कुऱ्हाड घेऊन गेलेल्या माणसाला तो स्वतःच भेटतो, मेलेला. लाकूडतोडे त्यामुळं तिथं जायला तयार होत नसत. मी हे ऐकलं आणि माझं डोकं भडकलं. भुतं उतरवणारे, अंगात आणणारे, ताईत विकणारे यांच्याविरुद्ध मी पत्रकं काढत होतो. तोच माझा धर्म होता म्हणा. एक पत्रक मी जंगलतोडीवरही काढलं होतं. डोंगराचं नाव घेऊन लिहिलं, तो कोण तोडतो तेही लिहिलं. लोकांनी त्यात तंबाखू बांधून नेली. डोंगर त्याच हिवाळ्यात संपला.

एका दुपारी लाकडाचा एक मक्तेदार माझ्या माडीवर आला. परगावचा माणूस, हातात चांदीच्या मुठीची काठी, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली.

"तुम्ही भुताखेतांविरुद्ध लिहिता म्हणे."

"लिहितो."

"मग या खोऱ्याचं भूत काढा की! माझ्याबरोबर चला, डोळ्यांनी बघा आणि छापा. कागद माझा, शाई माझी. माझे लोक तोंडाशी जाऊन बसून राहतात हो, आत पाय टाकत नाहीत. त्यांची भीती गेली तर एका हिवाळ्यात सगळा साग खाली आणतो."

"भीती खोटी असेल तर छापणारच," मी छाती काढून म्हणालो. "तुमचा कागद नसला तरी."

त्याच्या वाक्याचा शेवट मी नीट ऐकलाच नाही. भूत एवढंच ऐकलं.

काकाजी जिन्यात उभे होते, मक्तेदाराच्या करंगळीकडे बघत. "घोड्यावर बसता का?"

"अजून घोडी घेतली नाही. डोंगर चढायच्या वेळी घेईन एलिचपुरात."

"घ्या. चांगली पाहून घ्या. वाट मी दाखवतो तुमाले. छापेवाले एकटे भेतीन."

पाऊस ओसरताच ते नेहमीसारखे नाहीसे झाले, नखांत भुसा घेऊन परतले, आणि आम्ही निघालो. मक्तेदार, त्याचा मुकादम, कुऱ्हाडवाली टोळी, काकाजी आणि मी. एलिचपुरात मक्तेदारानं एक तांबडी घोडी घेतली. पुढं चढ लागला आणि वाटेत तो डोंगर आला, ज्याच्यावर मी पत्रक काढलं होतं. नजर पोचेल तिथवर बुंधे, आणि बुंध्यांमधून खाली घसरलेली माती. ओढ्याच्या पात्रात एक बाई वाळू उकरून झऱ्यातून वाटीनं पाणी काढत होती. पाऊस नुकताच संपला होता, हे लक्षात घ्या.

काकाजी माझ्याजवळ आले. "हा तुहाच ना, छापेवाले? छापलेला?"

मी मान खाली घालून पुढं चालायला लागलो.

खोऱ्यात शिरायची वाट म्हणजे दोन काळ्या कड्यांमधली फट. घोडीला अंग चोरून जावं लागलं. आत गेलं की कडे एकदम मागं सरतात आणि साग सुरू होतो, असा साग की दोघांनी कवेत घेतला तरी हात मिळू नयेत. ऊन वरच राहतं. पाखरू बोलत नव्हतं. थोडं चाललो आणि पायाखालून कुणीतरी बोलायला लागलं. दबक्या आवाजात, मधेच थांबून, जसं शेजारच्या खोलीत माणसं आपल्याविषयी बोलत असावीत. मुकादम जागच्या जागी उभा राहिला. मी गुडघ्यावर बसून धोंडे हलवले. खाली ओढा होता. तो तिथं जमिनीवरून नाही, दगडांच्या पोटातून वाहतो.

"पाणी आहे हे! नुसतं पाणी!" मी टोळीला ओरडून सांगितलं.

पुढं बांबूचं बन लागलं. तिथून शिट्टी आली, खालच्या पट्टीतली, लांबलेली. हवा हलली की एक, थांबली की नाही. मी बनात शिरलो. भुंग्यांनी बांबूंना भोकं पाडली होती आणि वारा त्यातून वाजत होता. तेही मी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

"लिही, समदं लिही," काकाजी म्हणाले. "भुंग्याचं नाव पन टाक."

चालता चालता ते मला खोऱ्याची हकीकत सांगत होते. पहिले इथं गवळी होते; त्यांची दगडी टाकी दाखवली, काठाला गुरांच्या मानांनी पडलेल्या खाचा. ते का गेले, कुणाला ठाऊक नाही. मग डोंगरातले कोरकू लोक आले आणि राहिले. "पेंढारी वऱ्हाड लुटत होते तवा माहा आजा समदं गाव घेऊन या फटीतून आत आला. कोरकूनं एक सबन पावसाळा पोसलं त्याईले. सोताचे पोट मारून. माहा बाप इथं जलमला, छापेवाले. त्याची नाळ त्या मोहाखाली हाय."

मोह खोऱ्याच्या मधोमध होता. त्याच्या सावलीत खांब उभे होते.

कोरकूंमध्ये माणूस गेला की त्याच्या नावानं सागाची फळी कोरून अशा झाडाखाली रोवतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावरचा स्वार. नाक-डोळे काढत नाहीत. खांब रोवेपर्यंत मेलेला माणूस घराभोवती भटकतो. रोवला, जेवण दिलं, की तो वाडवडिलांत बसला, मग त्याला परत यायचं कारण उरत नाही. जुने खांब उन्हापावसानं राखेच्या रंगाचे झाले होते. ते बघून मला काही वाटलं नाही. चांगली गोष्ट आहे, आमच्या तेराव्याच्या जेवणावळींपेक्षा कितीतरी चांगली.

पण एक रांग वेगळी होती, मोहाच्या पलीकडं, तोंड फटीकडं केलेली. पहिल्या खांबावरच्या माणसाच्या हातात छत्री होती. दुसऱ्याचा एक पाय आखूड होता आणि खांद्यावर साखळी. मी त्या छत्रीच्या मुठीचा वाक ओळखला. शेटजींना मी आठवड्यापूर्वी त्यांच्या गादीवर सुपारी कातरताना पाहिलं होतं.

मुकादमाच्या तोंडून आवाज निघाला. तो रांगेच्या शेवटाकडे बघत होता.

तिथं ताजा खांब होता, लाकडाचा वास अजून जायचा होता. घोड्यावर माणूस. एका हातात मुठीची काठी. लगाम धरलेल्या दुसऱ्या हाताला चार बोटं पूर्ण, एक अर्धं. घोड्याचा पुढचा डावा पाय वर उचललेला.

मी मागं वळून पाहिलं. तांबड्या घोडीच्या खुरात फटीतून येताना कुठंतरी काटा भरला होता. पुढचा डावा पाय वर उचलून ती तीन पायांवर उभी होती.

याचा खुलासा मी तिथल्या तिथं मनात केला. कोरलेले घोडे पाय उचललेलेच असतात. मग मी जुने-नवे सगळे खांब फिरून पाहिले. एकाही घोड्याचा पाय उचललेला नव्हता. आणि काकाजींच्या नखांतला भुसा मला आता कळला; त्यांनी तो खांब कोरला तेव्हा मक्तेदारानं घोडी घेतलेलीच नव्हती.

"तोड रे तो!" मक्तेदार मुकादमाला म्हणाला. आवाज ठीक होता, पण त्यानं डावा हात अंगरख्यात घातला होता.

मुकादमानं कुऱ्हाड खाली ठेवली. "शेट, तुमी इथं उभे हा. तुमाले तोडू कसं?"

"लाकूड आहे ते, मूर्खा!"

"लाकूड तं हायच जी. पन तुमी हा ना त्याच्यात."

एकेकानं कुऱ्हाड खाली ठेवली. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही. दुसऱ्याच्या घरी वहाणा काढाव्या तशा ठेवल्या. मक्तेदारानं एक उचलली आणि स्वतःच घाव घातला. पातं स्वाराच्या खांद्यात बसलं आणि निघेना. त्यानं पाय लावून ओढली. ओलं लाकूड पातं धरून ठेवतं, हे मला माहीत आहे. टोळीतल्या सगळ्यांनाही माहीत होतं. पण त्याला मदत करायला कोणी पुढं झालं नाही. शेवटी तो कुऱ्हाड तशीच सोडून, घोडीला हातानं ओढत, फटीकडं चालायला लागला. टोळी त्याच्या मागं, पण त्याच्यापासून अंतर ठेवून.

मी तिथंच उरलो. मक्तेदाराच्या खांबापलीकडं आणखी एक होता. बुटका, बाकीच्यांपेक्षा फिकट लाकडाचा, धुपासारखा वास येणारा. त्याच्यावर घोडा नव्हता. एक माणूस पायी, आणि हातात कागद. कागदावर काही कोरलेलं नव्हतं.

"हा कधी केला?" मी विचारलं.

"तू खोली पाहाले आला त्याच वर्षी," काकाजी म्हणाले. "तू येनार हे दिसतच होतं. कागदवाला मानूस कुऱ्हाडवाल्याच्या आधी येते."

तेवढ्यात वस्तीवरून कोरकूंचा पटेल आला, मागं एक बाई टोपली घेऊन. पटेलानं काकाजींना मिठी मारली. माझ्याकडं पाहिलं, मग खांबाकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं.

"हा तं इथं बसला हाय," तो काकाजींना म्हणाला. "मंग हा कोन आला?"

हे त्यानं थट्टेनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता. बाईनं पळसाच्या पानांवर कुटकीचा भात वाढला, एक पान काकाजींपुढं, एक पटेलापुढं, एक माझ्या खांबापुढं. माझ्यापुढं काही नाही. मी हात पुढं केला तेव्हा तिनं टोपली मागं घेतली, राग म्हणून नव्हे, जेवून उठलेल्याला आपण पुन्हा वाढत नाही तशी. मी उपाशी बसलो आणि माझ्यासमोर माझ्या भाताला मुंग्या लागल्या. काकाजी मिटक्या मारत जेवले.

"खांब उभा हाय तवर यानं येऊ नये," पटेल म्हणाला. "आमाले दोन-दोन समजत नाही."

परतताना फटीत मी काकाजींना गाठलं. "हे खोटं आहे. मी आयुष्य घालवतोय लोकांच्या डोक्यातली भीती काढायला, आणि तुम्ही ती कोरून रोवता! या लोकांच्या मेलेल्यांच्या शेजारी! लाज नाही वाटत?"

"पटेलाले इचारून रोवले मी. तो म्हने, ज्याले बसवलं तो पुन्हा येत नाही, मंग याईलेबी बसव." ते थांबले. "मी कोनाले भूत म्हनलं काय, छापेवाले? मी लाकूड कोरलं. तुह्या कागदानं आजवर कोनती कुऱ्हाड थांबली, सांग. माह्या लाकडानं थांबल्या."

"तो घोडीचा पाय?"

काकाजी पुढं झाले. "तो मी नाही उचलला," ते म्हणाले. "मी चारही पाय खाली कोरले होते."

खोटं बोलत होते का? त्यांच्या तोंडाकडं पाहून कळलं असतं, पण ते पुढं चालत होते.

अमरावतीत आल्यावर मक्तेदार दुसऱ्याच दिवशी माडीवर हजर. हात अजून अंगरख्यातच. "लवकर छापा. पाण्याचं, बांबूचं, आणि ते खांब त्या म्हाताऱ्यानं कोरले हेही. घरमालकाचं नाव घालून. ही टोळी गेली तर गेली, मी लांबून दुसरी आणतो. पत्रक वाचून दाखवीन त्यांना फटीच्या तोंडाशी."

आणि खरं तेच होतं! त्यात एक अक्षर खोटं असणार नव्हतं. मी दगड घासून घेतला, शाई कालवली, आणि उलट्या अक्षरांत सगळं दगडावर लिहून काढलं. ओढा, भुंगे, छत्री, करंगळी. माझ्या हातून इतकं चांगलं पत्रक कधी उतरलं नव्हतं. कागद ओला करून ठेवला. आता दाबायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यानं भीती जाणार होती, आणि भीतीमागं साग, सागामागं ओढा, ओढ्यामागं ती बाई तिच्या टोपलीसकट.

काकाजी तेव्हा पहिल्यांदा माडी चढून वर आले. दगडाकडं बराच वेळ बघत राहिले. त्यांना वाचता येत होतं, पण उलटं नाही.

"हे काय लिहिलं?"

"उलटं असतं. छापलं की सुलटं होतं."

"आन नाही छापलं तं?"

"उलटंच राहतं."

"हं," ते म्हणाले. "तुह्या खांबाच्या कागदावर मी काही कोरलं नाही. ते तुह्यावर हाय."

आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळे थकलेले होते, आणि घाबरलेले. हा माणूस घाबरतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मी वाळू घेतली आणि दगड घासायला लागलो.

मक्तेदार संध्याकाळी आला तेव्हा दगड कोरा होता. "म्हणजे तुम्हीही भ्यालात तर!" तो म्हणाला. मी हो म्हणालो. ते खोटं होतं, का नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो दुसरा छापणारा शोधत राहिला. मग अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळला, आणि मक्तेदाराला लाकडासाठी उधार देणाराच कोणी उरला नाही. तो मुलूख सोडून गेला. शेटजींच्या गोदामात आता शेळ्या बांधतात.

काकाजी मागच्या उन्हाळ्यात तापानं गेले. ओसरीवर, भिंतीशी नाही, खांबाशी नाही, मधोमध बसल्या जागी. ते गेल्याचं खोऱ्यात कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यांचे मुलगे जायला तयार नव्हते. मी फटीपर्यंत गेलो आणि तिथंच बसलो. खांब उभा आहे तोवर येऊ नये, असं मला सांगितलं होतं, आणि माझ्यासारख्या माणसानं ते पाळावं याचा मला संताप येत होता. तरी बसलो.

पटेलच बाहेर आला. "ये," तो म्हणाला. "तुहा पडला."

मोहाखाली रांग तशीच होती. मक्तेदाराच्या खांद्यात कुऱ्हाड अजून रुतलेली, गंजून लाल झालेली. त्याच्या पलीकडं मातीचा एक ढिगारा, वाळवीनं खाल्लेल्या लाकडाचा भुगा, आणि धुपाचा वास.

"समदे सागाचे," पटेल म्हणाला. "साग राहते. तुहा त्यानं सालईचा केला होता. मी म्हनलं, काहून बाप्पा, हा लवकर पडन. तो म्हने, पडू दे. हा परत आला पायजे."

मी त्याला काकाजी गेल्याचं सांगितलं. त्याला ठाऊक होतं; त्यानं खांब कोरायला घेतलासुद्धा होता. बाईनं कुटकीचा भात आणला आणि या खेपेला पान माझ्यापुढं ठेवलं. जेवून झाल्यावर पटेलानं काकाजींची पटाशी आणि हातोडी माझ्याजवळ सरकवली. फटीच्या बाहेर कुणीतरी झाडांवर चुन्याच्या खुणा करून गेलं होतं, एवढंच तो म्हणाला.

भुताखेतांविरुद्धची माझी पत्रकं चालू आहेत. परवाच एक काढलं. त्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर मला मान्य आहे.

काल एक गृहस्थ छापखान्यात आले. लाकडाची वखार काढायची आहे, जाहिरात छापून द्या म्हणाले. बरेच बोलले. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. उजवी वहाण टाचेशी झिजलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालताना डावा खांदा खाली पडतो.

"घोड्यावर बसता का?" मी विचारलं.

पटेलाला सागच काढून ठेवायला सांगितला आहे.